न्हाणीघर बांधताना : कोणते काम आधी, कोणते मागाहून?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवर एक आजी रात्री परसातल्या संडासाकडे जाताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि तीन महिने त्या अंथरुणाला खिळल्या. नाताळच्या आधी त्यांचा मुलगा मजकडे आला. म्हणाला, "फादर, ह्या वर्षी काही झाले तरी स्वयंपाकघराला लागून न्हाणीघर आणि संडास बांधायचाच. फरशी कोणती घालू, तेवढे सांगा."

मी म्हटले, "फरशीचे मागाहून पाहू. पाणी कुठे जाणार, ते ठरवलेस का?"

तो गप्प झाला. हा प्रश्न मला सुचला तो मी मोठा जाणता म्हणून नव्हे. आमच्या निवासाच्या मागे न्हाणीघर बांधले तेव्हा हाच प्रश्न विचारायचा राहून गेला होता. गवंड्याने काम सुबक केले. फरशी घातली, भिंतीला टाइल्स बसवल्या, आणि शेवटच्या दिवशी नळ जोडताना ध्यानात आले की बाहेरचे चेंबर आतल्या जाळीपेक्षा तीन इंच वर आहे. पाणी चढावर जात नाही. आठ दिवसांपूर्वी घातलेली फरशी फोडून जमीन उचलावी लागली. चूक गवंड्याची नव्हती, ती काम सांगणाऱ्याची, म्हणजे माझी होती.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. ज्यांना ह्या उन्हाळ्यात किंवा पुढच्या वर्षी घराला न्हाणीघर जोडायचे आहे, त्यांच्यासाठी कामाचा क्रम येथे देत आहे. बांधकाम नेहमीप्रमाणे खालून वर चढते. परंतु विचार मात्र उलटा करावा लागतो. पाणी शेवटी जिथे मुरणार तिथून सुरुवात करायची आणि एकेक पाऊल मागे येत दारापर्यंत पोहोचायचे.

१. पहिले काम : जागा पाहणे

जागा उन्हाळ्यात पाहू नका, पावसाळ्यात पाहा. खानापूर, जांभोटी, कणकुंबी ह्या पट्ट्यात पाऊस दांडगा. एप्रिलमध्ये जो खड्डा कोरडा ठणठणीत दिसतो, त्यातच ऑगस्टमध्ये पाणी उभे राहते. पावसाळा टळून गेला असेल तर विहिरीत डोकावून पाहा. पाणी वर्षात सर्वांत वर कुठवर चढते, त्याची शेवाळाची खूण विहिरीच्या भिंतीवर असते. ती खूण जमिनीपासून किती फूट खाली आहे, ते दोरी सोडून मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

दुसरे, विहीर आणि संडासाचा खड्डा ह्यांतील अंतर. निदान ५० फूट ठेवावे, आणि खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला असावा. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. जांभ्याला भोके आणि भेगा असतात. मातीतून पाणी गाळून जाते, तसे ते भेगेतून गाळून जात नाही. सरळ वाहत जाते. शेजाऱ्याची विहीर कुठे आहे, तेही पाहा. आपली विहीर वाचवून शेजाऱ्याची नासवणे हा काही धर्म नव्हे. कावीळ, विषमज्वर, हगवण हे सारे रोग ह्याच वाटेने घरात येतात.

तिसरे, घराची कोणती बाजू घ्यायची? स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला लागून जागा मिळाली तर नळाची एकच ओळ दोन्हीकडे पुरते. पण कौलांच्या वळचणीचे पाणी नव्या छपरावर कोसळणार असेल, तर त्याची वाट आधी ठरवा. वाडीवरील निम्म्या न्हाणीघरांना ओल येते ती नळामुळे नव्हे, तर जुनी भिंत आणि नवे छप्पर ह्यांच्या सांध्यातून.

२. खड्डे : दोन हवेत, एक नव्हे

सेप्टिक टाकी बांधावी असा अनेकांचा आग्रह असतो. टाकी खर्चिक असते, ती उपसावी लागते, आणि तिच्यातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ नसते. त्यालाही पुढे मुरायला जागा लागते. खेड्यातील घराला दोन शोषखड्ड्यांचा संडास अधिक सोयीचा. बिंदेश्वर पाठक ह्यांनी १९७० साली बिहारमध्ये सुलभ संस्था काढून ही पद्धत देशभर पोहोचवली. त्याच्याही आधी कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले होते. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही.

पद्धत साधी आहे. पाच-सहा माणसांच्या घराला साडेतीन फूट व्यासाचे आणि चार फूट खोल असे दोन खड्डे पुरतात. दोन खड्ड्यांत निदान खोलीइतके अंतर ठेवावे, आणि घराच्या पायापासून चार-पाच फूट दूर राहावे. आतून विटांचे किंवा चिऱ्यांचे जाळीदार बांधकाम करायचे, म्हणजे मधे मधे फटी ठेवायच्या. तळ मातीचाच राहू द्यावा, सिमेंट करू नये. दोन्ही खड्ड्यांच्या आधी एक लहान चेंबर असते. त्यातून दोन फाटे निघतात. एक फाटा विटेने बंद ठेवायचा. पहिला खड्डा भरायला साधारण तीन वर्षे लागतात. मग तो बंद करून दुसरा सुरू करायचा. पहिला निदान दोन वर्षे तसाच झाकून ठेवला की आतला मैला मातीसारखा कोरडा होतो, त्याला घाण येत नाही. ते खत नारळ, आंबा, काजू ह्यांच्या आळ्यात घालावे. कच्च्या खाण्याच्या भाजीला घालू नये, कारण जंतांची अंडी चिवट असतात.

आता विहिरीत मोजलेला आकडा काढा. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातील सर्वांत वरच्या पाण्यापासून सहा-सात फूट वर असावा. तेवढी कोरडी माती मधे असली तरच घाण गाळली जाते. पाणी फार वर येत असेल तर खड्डा उथळ आणि रुंद करा, तो जमिनीच्या वर उचलून भोवती मातीचा भराव घाला, आणि विहिरीपासून आणखी दूर न्या. बैलहोंगल, सौंदत्तीकडे ज्यांची काळी जमीन आहे, त्यांनी खड्डा रुंद करून भोवती वाळू-खडीचा थर द्यावा. काळी माती पाणी सावकाश पिते.

न्हाणीचे पाणी मात्र ह्या खड्ड्यांत सोडायचे नाही. एका अंघोळीला बादलीभर, म्हणजे १५ ते २० लिटर पाणी धरले तरी पाच माणसांचे दिवसाला शंभर लिटरच्या आसपास होते, कपड्यांचे निराळे. एवढे पाणी संडासाच्या खड्ड्यात गेले तर खड्डा कायम भरलेला राहील. त्याला वेगळी वाट हवी. आधी केस आणि साबणाचा गाळ अडवायला लहान चेंबर, आणि पुढे केळीच्या, अळूच्या आळ्यात चर. जागा नसेल तर तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा दगडांनी भरून घ्यावा. मोठे दगड तळाला, लहान वर. पाणी कुठेही उघड्यावर साचता कामा नये. साचले की डास झालेच म्हणून समजा.

३. पातळी : कागदावर आधी जुळवा

येथेच माझी चूक झाली होती, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

संडासाच्या भांड्यापासून खड्ड्यापर्यंतच्या नळाला १५ फुटांत १ फूट असा उतार द्यावा. खेड्यातील तीव्र उताराचे भांडे आणि त्याखालचा कोंबडा मिळून साधारण सव्वा फूट उंची घेतात. दुकानात स्वतः टेप लावून पाहा, कारण माप थोडे कमीजास्त असते. आता हिशेब करा. न्हाणीघराची जमीन अंगणापासून दीड फूट वर आहे. सव्वा फूट भांड्यात गेला, म्हणजे नळ अंगणाच्या तीन इंच वर बाहेर पडला. खड्डा १५ फुटांवर आहे, म्हणजे आणखी एक फूट उतार. नळ खड्ड्यात शिरेल तो जमिनीच्या नऊ इंच खाली. खड्ड्याची चार फूट खोली येथून खाली मोजायची, खड्ड्याच्या तोंडापासून नव्हे. म्हणजे तळ जमिनीपासून पावणेपाच फुटांवर आला. विहिरीतील शेवाळाची खूण ११-१२ फुटांच्या वर येत नसेल तर हा हिशेब जुळला. नाहीतर जोते उंच करा, खड्डा जवळ घ्या किंवा उथळ करा. कागदावर हे बदलायला पेन्सिल पुरते. बांधून झाल्यावर पहार लागते.

न्हाणीच्या पाण्याच्या नळाला १० फुटांत तीन इंच उतार पुरे. आतल्या जमिनीला जाळीकडे पाच फुटांत एक इंच. आणि न्हाणीघराची जमीन शेजारच्या खोलीपेक्षा इंच-दोन इंच खालीच असावी.

पातळी डोळ्यांनी ठरवू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोके धरली की खरी पातळी मिळते. ती खूण जुन्या भिंतीवर रंगाने करून ठेवा, आणि सारी मापे त्या एकाच खुणेपासून घ्या.

४. वस्तू आधी आणा, खोदकाम मग

भांडे, कोंबडा, जमिनीतली जाळी, चेंबरची झाकणे, दार आणि खिडकीची चौकट हे सारे घरी आल्याशिवाय पहार मारू नका. भिंतीतली भोके आणि जमिनीची उंची ह्यांवर ठरते. तोट्या आणि टाइल्स मात्र इतक्यात घेऊ नका; पैसे तिथे अडकतात आणि खड्ड्यांना कमी पडतात.

सरकारी मदत मिळण्यासारखी असेल तर तीही खोदकामाच्या आधी विचारा. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण योजनेत पात्र कुटुंबाला संडासासाठी १२,००० रुपये प्रोत्साहन ठरले होते. आपले नाव बसते का, कोणते कागद लागतात, छायाचित्र केव्हा काढून घ्यायचे, हे ग्रामपंचायतीत जाऊन समजून घ्यावे. काम झाल्यावर गेलेल्या माणसाची फेरी फुकट जाण्याचा संभव असतो.

५. जमिनीखालचे काम एका दमात

आपल्याकडे मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी छप्पर पुरे व्हायला हवे. म्हणून दिवाळीनंतर आखणी, आणि सुगी आटोपली की खोदकाम असा बेत ठेवा.

फक्कीने रेषा मारा. चार फूट रुंद आणि सात फूट लांब आतली जागा संडास-न्हाणी एकत्र करायला पुरते; वेगळे हवे असेल तर संडास तीन फूट बाय चार फूट, न्हाणी चार फूट बाय पाच फूट. पाया खोदा, पण तो भरताना नळ जिथून बाहेर पडणार तिथे थोड्या मोठ्या नळाचा तुकडा आडवा बसवून वाट ठेवा. ही एक गोष्ट विसरली की पुढे पाया फोडावा लागतो.

पायाबरोबरच खड्डे आणि चर उरकून घ्या. नळ घालून झाले की चर लगेच बुजवू नका. भांड्याच्या जागेवरून बादलीभर पाणी ओता आणि दुसऱ्या टोकाला ते झरझर येते का पाहा. मग प्रत्येक सांध्यावर हात फिरवा. कोरडा असेल तरच माती लोटा. खड्ड्यांवर झाकणे लगेच बसवावीत; उघड्या खड्ड्यात लहान मूल किंवा वासरू पडायला क्षणही लागत नाही.

६. भिंती, छप्पर आणि धीर

जुने घर मातीच्या भिंतीचे असेल तर तिलाच न्हाणीघराची भिंत करू नका. तिला लागून नवी भिंत वेगळ्या पायावर उभी करा. नवा पाया थोडा खचतो, जुना खचून बसलेला असतो. दोन्ही घट्ट गुंफले तर तडा जाणारच.

भिंत उभी होतानाच वर हवेला झरोका ठेवा. दार बाहेर उघडणारे करा. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते, आणि मदत करणाऱ्याला शिरता येत नाही. कडीही बाहेरून उचलता येईल अशी असावी.

सिमेंटच्या कामाला पाणी मारण्यात हयगय करू नये. हल्लीच्या मिश्र सिमेंटला निदान दहा दिवस पाणी हवे. स्लॅब घातला तर टेकू चौदा दिवस हलवू नका. गवंड्याला पुढच्या कामावर जायची घाई असते, आपल्याला न्हायची घाई असते. सिमेंटला मात्र कसलीच घाई नसते.

७. भिंतीच्या पोटातले काम

गिलावा करण्याच्या आधी पाण्याचे नळ आणि विजेच्या नळ्या खाचा पाडून बसवून घ्या. मग नळाची सारी तोंडे बंद करा, टाकीचे पाणी सोडा आणि रात्रभर तसेच ठेवा. सकाळी एकही सांधा ओला दिसता कामा नये. गिलावा झाल्यावर गळती सापडणे फार कठीण.

विजेचे बटन न्हाणीघराच्या बाहेर ठेवा. अर्थिंग आणि झटका बसताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र ह्यांत काटकसर नको. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस न कळत बेशुद्ध होऊन दगावतो. बाहेरच्या चुलीवर किंवा बंबात तापवलेले पाणी बादलीने आत नेणे त्याहून शतपट बरे.

म्हाताऱ्यांना धरायला दांडा लावायचा असेल तर त्याची जागाही आताच ठरवा आणि तिथे भिंत भरीव करून घ्या. टाइलवर मागाहून ठोकलेला दांडा ऐन वेळी हातात येतो.

८. पाण्याची परीक्षा, आणि मगच फरशी

गिलावा वाळला, जमिनीला उतार देऊन कोबा झाला, त्यावर ओल रोखणारा लेप बसला. आता थांबा. जाळीचे तोंड बंद करा, उंबऱ्याशी मातीचा बांध घाला, आणि आत दोन इंच पाणी भरून एक दिवस आणि एक रात्र ठेवा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणि बाहेर जोत्यावर ओलीचा डाग उमटतो का पाहा. उमटला तर देवाचे आभार माना की फरशीच्या आधी उमटला.

परीक्षा उतरली की भिंतीच्या टाइल्स, पण खालची एक रांग सोडून. मग जमिनीची फरशी. आणि शेवटी ती सोडलेली रांग फरशीवर टेकवून बसवायची, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी सांध्यात न शिरता फरशीवर येते. फरशी गुळगुळीत घेऊ नका. घासून चकचकीत न केलेली शहाबादी पायाला धरते आणि खिशालाही परवडते.

त्यानंतर भांड्याभोवतीच्या दरजा, दार, चुना किंवा रंग, आणि सर्वांत शेवटी तोट्या. दाराशीच हात धुण्याची तोटी आणि साबणाची जागा करायला विसरू नका. हात धुतले नाहीत तर एवढ्या खर्चाचा अर्धा लाभ वाया गेला.

९. पैसे कमी पडले तर?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, म्हणून कामाचे तीन भाग करा. पहिला, जमिनीखालचे सारे. दुसरा, भिंती, छप्पर आणि दार. तिसरा, टाइल्स, रंग आणि शोभा. पहिल्या दोन भागांचे पैसे हाती असल्याशिवाय सुरुवात करू नये. तिसरा भाग दोन वर्षांनी केला तरी चालतो. सिमेंटच्या कोब्यावरही माणूस स्वच्छ अंघोळ करतो. उलट चकचकीत टाइल्स आणि अर्धवट खड्डा असलेले न्हाणीघर मी पाहिले आहे. त्यात घरची माणसे सरपण ठेवतात.

मजुरीही टप्प्याटप्प्याने द्यावी, आणि थोडा भाग पाण्याच्या परीक्षेपर्यंत राखून ठेवावा. हे आधीच गोडीने बोलून घ्यावे, म्हणजे मागाहून कटुता येत नाही.

आणखी एक गोष्ट. खड्डा असो वा टाकी, ती साफ करायला माणूस आत उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात जीव जातो. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी आपल्या घाणीसाठी दुसऱ्याचे लेकरू खड्ड्यात उतरवणे हे पापच ठरले असते. दोन खड्ड्यांची आलटून पालटून पद्धत नीट पाळली, तर अशी पाळी येतच नाही.

क्रम एका दृष्टीत

पावसाळ्यात जागा आणि विहिरीची खूण पाहणे, कागदावर पातळी जुळवणे, पंचायतीत चौकशी, वस्तूंची खरेदी, पाया, खड्डे, चर, नळांची परीक्षा आणि माती लोटणे, भिंती, छप्पर, पाणी मारणे, भिंतीतले नळ आणि वीज, रात्रभराची परीक्षा, गिलावा, कोबा, लेप, दिवसरात्रीची पाण्याची परीक्षा, टाइल्स आणि फरशी, दार, रंग, तोट्या. हा कागद गवंड्याच्या हाती द्या, आणि एक स्वतःजवळ ठेवा.

आमच्या त्या मुलाने फरशीचा विचार बाजूला ठेवून आधी विहिरीत दोरी सोडली. शेवाळाची खूण नऊ फुटांवर निघाली. म्हणून त्याने खड्डे अडीच फूट खोल, पण अधिक रुंद घेतले. नळ अंगणाच्या वरून नेऊन खड्ड्यांची तोंडे फूटभर उचलली, भोवती भराव घातला, आणि ते परसाच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीच्या खालच्या अंगाला नेले. त्यासाठी जोते आणखी वर घ्यावे लागले. टाइल्सचे पैसे त्यात गेले, आत नुसता कोबा आहे. पण दांडा भक्कम आहे, आणि आजी रात्री कोणाला न उठवता तो धरून जाऊन येतात.

बेत आखताना एवढे एक वाक्य ध्यानात ठेवा : आधी पाण्याची वाट, मग माणसाची सोय, आणि शेवटी डोळ्यांची हौस.